सेबी, खोलीच्या रात्री आणि आपली पावती

(सावर्डे, ता. चिपळूण येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सेबी म्हटलं की शेअर बाजार, म्हणजे पुरुषांचा विषय असं आपण धरून चालतो. काजू विकून चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या बाईचा तिच्याशी काय संबंध? आहे, म्हणून बोलते.

हर्षद मेहताचा घोटाळा गाजला त्याच १९९२ साली सेबीला कायद्याने अधिकार मिळाले. १९९९ पासून लोकांचे पैसे एकत्र करून चालवायच्या ‘सामूहिक गुंतवणूक योजनां’ना तिची नोंदणी सक्तीची झाली.

मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलातल्या खोलीच्या रात्री विकायची. राहायला गेलात तर ठीक, नाहीतर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत. आता मला सांगा, जिला माहेरी चार दिवस धड राहता येत नाही ती हॉटेलात कधी राहणार? सेबीने हेच पकडलं. नाव काहीही द्या, ही सामूहिक गुंतवणूकच आहे आणि तिची नोंदणी नाही. जुलै २०१४ मध्ये नवे पैसे घ्यायला बंदी आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये परतफेडीचा आदेश निघाला. सुमारे ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५१ लाखांवर!

पण आदेश म्हणजे हातात पैसे नव्हेत. अपील, जप्ती, लिलाव यांत वर्षं जातात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे नाही.

अशा योजनांत साहेब गावात येत नाही, येते आपलीच वहिनी नाहीतर शेजारीण. कंपनी बुडाली की लोक तिच्या दारात. तिथे सेबी पोचत नाही, आपण पोचायला हवं. तिला वाळीत टाकू नका, पैसे भरणाऱ्यांची यादी तिच्याकडेच असते. आणि जिने घरात न सांगता पैसे भरले, तिने तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची?

पीएसीएलच्या जमीन-योजनेतले पैसे परत करायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१६ साली न्या. लोढा समिती नेमली गेली. तेव्हा मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, असं सेबीला लोकांना बजावावं लागलं. ‘पैसे काढून देतो’ म्हणणारे तेव्हाही फिरतच होते.

नवी योजना आली तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. फसवणूक झाली असेल तर ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

ज्यांच्या पिशवीत पावत्या आहेत त्यांनी सभेनंतर थांबा. झेरॉक्स काढून अर्ज इथेच लिहू. घरी कळू द्यायचं नसेल तर तसं सांगा.