राबणारी प्रेते

जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत त्या डोंगराळ मुलखात गावोगाव सोंगे नाचतात. संबळाचा ठेका, टेंभ्यांचा उजेड, आणि लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे थोरले मुखवटे चढवून येणारे देव नि दैत्य! मी त्या बाजूस मास्तरकी करीत असता, माझ्या वर्गातले एक पोर अशाच एका रात्री राक्षसाच्या सोंगाला भिऊन माझ्या पाठीशी दडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच राक्षस खांद्यावर कोयता टाकून राब भाजावयास निघालेला आम्हा दोघांना वाटेत भेटला. पोर खुदकन् हसले आणि त्याची भीती तेथेच संपली. सोंग आपखुशीने चढवावयाचे आणि उजाडताच उतरवावयाचे, हे बोहाड्याचे मर्म मला त्या सकाळी उमगले.

या गोष्टीची आज आठवण व्हावयास कारण मात्र निराळे आहे. माझ्या नातवाने परवा मला एक जुना अमेरिकन चित्रपट दाखविला. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हे त्याचे नाव, आणि एडवर्ड वुड हे दिग्दर्शकाचे. परग्रहावरील मंडळी पृथ्वीवरील मुडदे उठवितात, असे त्याचे कथानक. उडत्या तबकड्या दोऱ्यांनी टांगलेल्या आहेत हे माझ्या चष्म्यालाही दिसत होते. नातू हसून लोळत होता, मीही हसलो. पुढे मात्र या जातीच्या चित्रपटांचा थोडा मागोवा घेतला, तेव्हा हसू मावळले. ते का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेत थोडक्या भांडवलावर भीतिपट काढणारे पुष्कळ होते. तरुण पोरांना एका तिकिटात दोन खेळ दाखवावयाचे, हा त्यांचा धंदा. अजस्र राक्षस दाखवावयाचा तर कारागीर हवेत, यंत्रे हवीत. मुडद्याला काय लागते? चारदोन माणसे घ्यावीत, तोंडाला थोडी राख फासावी आणि हात लोंबकळत सावकाश चालावयास सांगावे. ज्याला राक्षस परवडत नाही त्याने प्रेत उठवावे, असा तो सरळ हिशेब होता. एडवर्ड कान नावाच्या एकाच दिग्दर्शकाने असे तीन चित्रपट काढले. १९५५ साली त्याचे मुडदे अणुशक्तीच्या बळावर एका गुंडाचे सूड उगविताना दिसले. १९५७ साली बुडालेल्या जहाजातील हिरे राखताना. आणि १९५९ साली चंद्रावरून आलेल्या अदृश्य शत्रूंचे वाहन झालेले. त्यांपैकी १९५७च्या ‘झॉम्बीज ऑफ मोरा टाऊ’ या चित्रपटात तर समुद्रतळावरचे प्रसंग पाण्याचा थेंबही न वापरता कोरड्या जागेत चित्रित केले होते!

मात्र या तिन्ही गोष्टींतील मुडद्यांत एक सारखेपणा आहे, तो पाहावा. कोणालाही स्वतःची इच्छा नाही. आपल्याकडील भुतांचे तसे नाही. मुंजाला संसाराची हौस राहिलेली असते, समंधाला आपल्या ठेव्याचा लोभ असतो, आणि वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात राहूनसुद्धा राजाशी वाद घालतो व डाव साधून पुन्हा झाडावर जातो. आपले भूत कसेही असो, ते आपल्या मर्जीचे मालक असते. झॉम्बी हा दुसऱ्याचा गडी असतो.

हे नाते कोठून आले हे १९३२च्या ‘व्हाइट झॉम्बी’ या चित्रपटात स्पष्ट दिसते. तोही हलक्या खर्चाचाच. इतर चित्रपटांसाठी उभारलेले देखावे भाड्याने घेऊन उरकलेला. त्यात हैती बेटावरील एका साखर कारखान्याचा धनी मेलेल्या माणसांकडून घाणा ओढवून घेतो. एक मजूर तोल जाऊन त्या घाण्यात पडतो. बाकीचे थांबत नाहीत. घाणा करकरत फिरतच राहतो. त्या सबंध चित्रपटात याहून भयंकर असे काही नाही, आणि त्यास फारसा खर्चही आलेला नसावा.

हैती ही फ्रेंचांची वसाहत होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या हाडांवर तेथील उसाचे मळे उभे राहिले. मेल्यावर आपला जीव मायदेशी परत जाईल, एवढीच त्या जिवांना आशा. म्हणून त्यांच्या कल्पनेत सर्वांत मोठे भय मरणाचे नव्हते. मेल्यावरही मळ्यातून सुटका न होण्याचे होते. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळविले. परंतु १९१५ साली अमेरिकेचे सैन्य त्या बेटावर उतरले ते १९३४ पर्यंत हलले नाही, आणि त्या अमलात शेतकऱ्यांना धरून रस्त्यांच्या कामावर वेठीस लावण्यात आले. याच काळात विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशाने तेथे ऐकलेल्या गोष्टी १९२९ साली पुस्तकरूपाने छापल्या, आणि झॉम्बी अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला.

त्या पुस्तकातील एक गोष्ट मला विसरता येत नाही. मळ्यात राबणाऱ्या मुडद्यांना अन्न अळणीच द्यावयाचे, असा दंडक असतो. एके दिवशी एक दयाळू बाई न कळत त्यांना खारट खाऊ देते. मीठ जिभेला लागताच, आपण मेलेलो आहोत हे त्यांना कळते. ते हंबरडा फोडतात, आणि कोणी अडवू पाहील त्यास न जुमानता आपल्या गावची, आपल्या थडग्यांची वाट धरतात. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणजे धन्याशी इमान राखणे असे समजतो. हैतीतील मीठ नेमके उलटे करते. ते खाणारा धन्यासाठी नव्हे, स्वतःसाठी जागा होतो.

श्रोतेहो, हे सारे परमुलखातले म्हणून सोडून देता येत नाही. जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. तत्पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या बाजूस, लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायको दोघेही जन्मभर बिनमोल राबत; त्यांस ‘लग्नगडी’ म्हणत. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९च्या अहवालात मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या अशा कर्जगुलामीची नोंद आहे. पुढे १९४५च्या मे महिन्यात झरी येथे वारली जमले आणि वेठ करणार नाही असे म्हणाले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी नाव दिले ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते नाव वाचले की मला हैतीची ती मिठाची चिमूट आठवते.

१९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. तरीही दिवाळी उलटली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. बोहाड्याच्या रात्री माझ्या पाठीशी दडलेले ते पोरही पुढल्याच दिवाळीनंतर आईबापांबरोबर गेले. मी काही दिवस त्याचे नाव पुकारले. मग नियमाप्रमाणे हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून त्याचे नाव कमी केले. अक्षर माझे होते. जिवंत मुलाला कागदावर नाहीसे करावयास मलाही काही खर्च आला नाही, हे आज मनास बोचते.

चित्रपटांतील मुडद्यांचा धनी १९६८च्या सुमारास नाहीसा झाला. जॉर्ज रोमेरो याच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधील प्रेते कोणाच्या हुकुमाने चालत नाहीत, ती माणसे खातात. अलीकडे, २०२२ साली, मराठीतही ‘झोंबिवली’ आला, आणि डोंबिवलीच्या टोलेजंग इमारतीपुढे प्रेतांची झुंड उभी राहिली. मुलांनी असे चित्रपट पाहून अवश्य हसावे, भ्यावे. माझी विनंती एवढीच, की हात लोंबकळत चालणारे ते मुडदे पडद्यावर दिसले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना एक प्रश्न विचारावा: यांचा धनी कोण होता?

‘प्लॅन नाइन’मध्ये एक थकलेला म्हातारा काळा झगा पांघरून वावरतो. तो नट बेला लुगोसी. ‘व्हाइट झॉम्बी’त प्रेतांना राबविणारा धनी याच लुगोसीने उभा केला होता. १९५६च्या ऑगस्टमध्ये तो वारला. दिग्दर्शकाने त्याची आधी घेतलेली चारदोन दृश्ये या चित्रपटात जोडली, आणि उरलेल्या कामासाठी दुसऱ्या माणसास झग्याने तोंड झाकून फिरविले. मेलेल्या नटाकडूनही काम काढून घेतले गेले. नातू त्या प्रसंगाला सर्वांत जास्त हसला होता. मी त्याला ही हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने विचारले, “आजोबा, त्या पोराचे पुढे काय झाले?”

मजजवळ उत्तर नव्हते.