नौपाड्याच्या गच्चीवरचा चंद्र



२०२५ सालची ६ ऑक्टोबर, सोमवारची रात्र. ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत कोजागिरीची तयारी चालली होती, आणि त्याच दिवशी चीनमध्ये, हाँगकाँगला, सिंगापूरला मध्यशरद उत्सव होता. तिकडेही पौर्णिमा, तिकडेही घरची माणसं एकत्र, तिकडेही चंद्र उगवण्याची वाट पाहणं. फक्त दुधाऐवजी चंद्राच्या आकाराचा गोल भरीव केक आणि हातात कागदी कंदील.

हे दोन सण एकाच रात्री येणं मात्र नेहमीचं नाही. चिनी पंचांगातला हा सण आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, आणि ती पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्या भाद्रपदातली असते. म्हणजे आपल्या गणपती विसर्जनाच्या आसपासची. २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, तलावपाळीच्या बाजूला ढोल वाजत होते, त्याच दिवशी चिनी घरांत केक कापले जात होते. २०२५ मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आला. आपल्याकडे त्या वर्षी अधिक महिना नव्हता. तिकडचा सण त्यामुळे महिनाभर पुढे सरकला आणि नेमका कोजागिरीवर येऊन थांबला. चंद्राच्या गतीला सूर्याच्या वर्षाशी जुळवून घ्यायचं म्हणून दोन्ही संस्कृतींनी अधिक महिन्याचीच युक्ती काढली. जोडकाम कधी करायचं एवढाच फरक.

आपण भाद्रपदाचा चंद्र का सोडून दिला असेल? कोकणपट्टीत राहणाऱ्याला याचं उत्तर आकाशाकडे बघूनच मिळतं. मुंबई-ठाण्यातून नैऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते. भाद्रपदी पौर्णिमेला इथे चंद्र दिसेलच याची खात्री कोण देणार? आश्विनात ढग विरळ होतात, हवा धुतल्यासारखी असते, आणि शेतात भात तयार झालेलं असतं. कोकणात या दिवशी नवान्न करतात. कोजागिरीच्या पूजेत लक्ष्मी आणि इंद्राला पोहे आणि नारळाचं पाणी असतं. खानदेश-विदर्भातल्या भुलाबाईचा मुक्काम तर भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच. एका चंद्रापासून दुसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी गाणी, आणि शेवटच्या रात्री निरोप.

चंद्रावरचा ससाही दोन्हीकडे आहे. आपण चंद्राला शशांक म्हणतो, शशी म्हणतो. शश म्हणजे ससा. चिनी कथेतला ससा चंद्रावर बसून खलबत्त्यात औषध कुटतो आणि तिथे राहणाऱ्या चांग-अ देवीला सोबत करतो. चीनने आपल्या चांद्रमोहिमांना तिचंच नाव दिलं, आणि २०१३ मध्ये चंद्रावर उतरवलेल्या गाडीचं नाव ठेवलं युतू, म्हणजे त्या देवीचा ससा.

हाँगकाँगमधली ताय हांग ही वस्ती या सणासाठी नावाजलेली आहे. १८८० मध्ये तिथे साथ आली. ती घालवण्यासाठी गावकऱ्यांनी गवताचा लांबलचक ड्रॅगन केला, त्यात पेटत्या उदबत्त्या खोचल्या आणि तो गल्लीगल्लीतून नाचवला. गावाच्या जागी आता उंच इमारतींचं जंगल आहे, पण सुमारे ६७ मीटर लांबीचा तो ड्रॅगन अजून त्याच अरुंद गल्ल्यांतून हजारो उदबत्त्यांच्या धुरात फिरतो.

एवढं लांब जायचं नसेल, तर माझगाव आहे. ठाण्याहून निघून सँडहर्स्ट रोडला गाडी बदलली की पुढचं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून जवळच एका घराच्या वरच्या मजल्यावर सी यप कून हे १९१९ सालचं चिनी मंदिर आहे. ग्वांगडाँग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या माणसांनी ते बांधलं. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं निघून गेली. जी राहिली, त्यांच्यामुळे तिथला दिवा अजून लागतो.

आणि नौपाडा? इथल्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. शेजारी टॉवर उभा राहिला की आठ वाजता पूर्वेला आलेला चंद्र त्याच्याआड जातो आणि पोरं विचारतात, चंद्र कुठंय? अशा वेळी कोजागिरीची जुनी अट कामी येते. ही रात्र मध्यरात्रीची आहे. मध्यरात्री पौर्णिमा असेल तोच दिवस कोजागिरीचा. म्हणून २०२४ मध्ये ती १७ ऑक्टोबरला नव्हे, १६ च्या रात्री झाली. ठाण्याच्या अक्षांशावर आश्विनातला पूर्ण चंद्र बारा-साडेबाराच्या सुमाराला क्षितिजापासून ऐंशी अंशांच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर येतो. वटपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे कलून आकाशाच्या निम्म्या उंचीच्या आसपासच राहतो. डोक्यावरच्या चंद्राला कोणता टॉवर अडवणार? दोन इमारतींच्या फटीतही तो सरळ उतरतो, आणि पातेल्यातल्या दुधातही.

त्या पातेल्याजवळ थोडं थांबायला हवं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला शेगडी मांडलेली असते, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. दहा लिटर दूध, आणि तळाला लागू नये म्हणून पाळीपाळीने डाव फिरवणारे हात. कडेला चिकटलेली साय खरवडून पुन्हा दुधात सोडायची. केशर आधी वाटीभर कोमट दुधात भिजत घातलेलं. वेलची, बदाम, पिस्ते, चारोळी, आणि शेवटी सहाणेवर चार वेढे उगाळलेलं जायफळ. ते जास्त झालं तर जागरण बाजूलाच राहतं. घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळून होतं. दहा वाजता माइक बंद करावा लागतो, आणि तिथून पुढची भावगीतं खरी रंगतात, कारण मग गाणाऱ्याच्या आवाजाला कान लावावे लागतात.

२०२६ मध्ये दोन्ही चंद्र पुन्हा आपापल्या जागी जातात. चिनी सण २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्याच दिवशी, आणि कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी. ज्या सोसायट्यांत गच्ची अकराला बंद होते, त्यांच्या सेक्रेटरींना मनापासून विनंती आहे, त्या रात्री किल्ली एक वाजेपर्यंत तरी कुलपालाच राहू द्या.