न बनलेल्या मोटारी

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ब्रिटिश मोटार उद्योग का बुडाला? या प्रश्नाचे एक तयार उत्तर भांडवली वृत्तपत्रांनी जगभर पोचविले आहे: कामगारांच्या संपांनी तो बुडविला. या उत्तराची तपासणी करावयाची तर ज्या मोटारी बनल्या त्यांच्याइतकेच ज्या बनल्याच नाहीत त्यांच्याकडे पाहणे आवश्यक आहे. संप होतो तो चालू उत्पादनात. तयार आराखडा रद्द करण्याचा अधिकार मात्र कामगाराच्या हाती कधीच नव्हता.

हा उद्योग आपणास अगदीच अपरिचित नाही. १९५८ ते २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाड्यात तयार झालेली अँबॅसिडर ही मुळात ऑक्सफर्डजवळच्या काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड. मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्यांचे १९५२ मध्ये विलीनीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन जन्मास आली. तिने १९५९ मध्ये अलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यावरून ‘मिनी’ बाजारात आणली. इंजिन आडवे बसवून पुढच्या चाकांना गती देणाऱ्या या छोट्या मोटारीने जगातील मोटारींची घडण बदलून टाकली. सुमारे ५३ लाख मिनी विकल्या गेल्या. परंतु किंमत अशी ठरविली होती की, फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी सुटी करून हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा दिसला.

हा दोष इसिगोनिस यांनाही दिसत होता. १९६० च्या दशकाअखेर त्यांनी ‘९एक्स’ हा नवा आराखडा सिद्ध केला. ही मोटार मिनीहून लांबीने कमी, वजनाने हलकी आणि तरीही आतून प्रशस्त होती. तिचे इंजिन नवे होते व सुटे भाग कमी होते. नमुना-मोटारी रस्त्यावर धावल्यासुद्धा. पण १९६८ मध्ये विल्सन यांच्या मजूर सरकारच्या प्रोत्साहनाने ही कंपनी लेलँडमध्ये विलीन झाली आणि ‘ब्रिटिश लेलँड’ उभी राहिली. नव्या व्यवस्थापनाने ९एक्स बाजूला ठेवली. परिणामी १९५१ च्या घडणीचे इंजिन मिनीमध्ये २००० सालापर्यंत चालत राहिले. रोव्हरची ‘पी८’ ही मोठी मोटार तर १९७१ मध्ये, उत्पादनाच्या उंबरठ्यावर असताना, रद्द झाली. ती त्याच कंपनीच्या जग्वारशी स्पर्धा करील ही भीती होती.

नव्या मोटारींसाठी लागणारा पैसा कोठे गेला? १९७४ अखेर कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, तेव्हा सरकारने रायडर समिती नेमली. १९७५ च्या तिच्या अहवालातून जे बाहेर आले ते कोणा क्रांतिकारकाचे म्हणणे नव्हते. १९६८ पासूनच्या ७ कोटी ४० लाख पौंड नफ्यापैकी ७ कोटी पौंड लाभांश म्हणून भागधारकांना वाटले गेले होते. निम्म्याहून अधिक यंत्रसामग्री पंधरा वर्षांहून जुनी होती. ज्या कारखान्याचे बियाणेच मालक खाऊन बसले, त्याला पीक न आल्याचा दोष नांगर धरणाऱ्यावर टाकला गेला.

सरकारने कंपनी ताब्यात घेतली. पण मालकी बदलली तरी निर्णयाचा हक्क बदलला नाही. १९७७ मध्ये मायकेल एडवर्ड्स यांच्या हाती सूत्रे आली. लिव्हरपूलजवळच्या स्पीक येथे ट्रायम्फ टीआर-७ तयार होई आणि तिच्यावर आधारित चार आसनी ‘लिंक्स’ तेथेच बनावयाची होती. दीर्घ संपानंतर १९७८ मध्ये स्पीकचा जुळणी कारखाना बंद झाला. सुमारे तीन हजार कामगार बेकार झाले, लिंक्सही संपली.

यानंतर घाव पडला तो संघटनेवर. लाँगब्रिजचे कामगारनेते डेरेक रॉबिन्सन हे कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. कारखाने बंद करण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी अन्य तिघांसह पुस्तिका काढली. तिघांना ताकीद मिळाली. रॉबिन्सन यांना नोव्हेंबर १९७९ मध्ये कामावरून काढण्यात आले. हजारो कामगार तत्क्षणी बाहेर पडले. परंतु युनियनच्या वरिष्ठ नेतृत्वाने चौकशीच्या नावाखाली संप थांबविला, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये कामगारांनीच प्रचंड बहुमताने संपाचा प्रस्ताव फेटाळला.

हा पराभव केवळ वृत्तपत्रांच्या विषारी प्रचाराने झाला असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. रायडर योजनेनुसार स्थापन झालेल्या सहभाग समित्यांत कामगार प्रतिनिधी व्यवस्थापनाबरोबर बसले. जबाबदारी त्यांच्या अंगावर आली, सत्ता आली नाही; आणि यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराशी असलेला त्यांचा धागा मात्र विरत गेला. त्यातच खात्याखात्याचे वेगळे संप आणि अनेक युनियनांचे आपसांतील वाद यांनी एकजुटीची जागा घेतली होती.

याच काळात एक वेगळी वाटही दिसली होती. विमानांचे भाग बनविणाऱ्या लुकास एरोस्पेसमधील कामगार प्रतिनिधींनी कपातीविरुद्ध केवळ निषेध न करता १९७६ मध्ये स्वतःचा आराखडा मांडला. समाजोपयोगी अशा सुमारे दीडशे वस्तूंची त्यात यादी होती. त्यांपैकी एक होती लहान इंजिन आणि विजेरी यांची जोडणी करून वाहन चालविणारी संमिश्र यंत्रणा. व्यवस्थापनाने ती योजना धुडकावली. त्या तत्त्वावरच्या मोटारी पुढे जगभर विकल्या गेल्या. त्या प्रथम मोठ्या प्रमाणावर बनविल्या जपानी कंपन्यांनी.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. १९८८ मध्ये सरकारने कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांना विकली. १९९४ मध्ये ती बीएमडब्ल्यूकडे गेली. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने मिनी आणि काउली स्वतःकडे ठेवून लाँगब्रिज अवघ्या १० पौंडांना देऊन टाकले. एप्रिल २००५ मध्ये ते कोसळले व सुमारे सहा हजार कामगार रस्त्यावर आले. आणि काउलीत? तेथे २००१ पासून गुंतवणूक झाली, नवी यंत्रे आली, आणि तेथील ब्रिटिश कामगारांनी बनविलेल्या नव्या मिनी जगभर खपल्या.

९एक्स आणि लिंक्स यांचे नमुने गेडन येथील संग्रहालयात आहेत. उद्योग बुडाला की दोष कोणाचा असे विचारले जाते. तेथे उभे राहून त्याआधीचा प्रश्न विचारावा लागतो. काय बनवावयाचे आणि नफ्याचे काय करावयाचे, हे ठरविले कोणी? हा हक्क ज्यांच्या हाती नव्हता, त्यांच्या माथी बुडाल्याचा दोष मारता येणार नाही. आणि तो हक्क मिळविण्याचा लढा समितीच्या खुर्चीवरून नव्हे, तर यंत्राशेजारच्या एकजुटीतूनच लढवावा लागतो, हा लाँगब्रिजचा धडा आहे.