अध्यक्षीय भाषण : कंडेन्सिंग बॉयलरच्या पाण्याचा निचरा

नैसर्गिक वायू जळतो तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. या वायूत मुख्यतः मिथेन असतो, आणि एक किलो मिथेन पूर्ण जळला की सव्वादोन किलो पाणी निर्माण होते. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ स्वतःतली उष्णता घेऊन धुराड्यावाटे निघून जाई. कंडेन्सिंग बॉयलर तिला यंत्रातच थंड करतो, तिचे पाणी करतो आणि त्यातून सुटलेली उष्णता घर तापवायला वापरतो. त्यासाठी रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५पासून घरगुती गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, याच जातीचा बसवणे बंधनकारक झाले. इंधन वाचू लागले. पण थंडीच्या दिवसांत यंत्रातून तासाला लिटर-दोन लिटर पाणीही पडू लागले. त्याला वाट काढून देण्याचे काम नळकामाच्या वाट्याला आले.

हे पाणी साधे नसते. धुरातले वायू त्यात विरघळतात आणि त्याचा सामू ३ ते ५च्या आसपास येतो. मुंबईत एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या दमटपणाचे असते, म्हणून ते बादलीत साठवून फरशी पुसायला वापरले तरी बिघडत नाही. बॉयलरचे पाणी मात्र तांबे आणि लोखंड खाते, सिमेंट झिजवते. त्यामुळे पाइप, सांधे, कोपर सगळे प्लॅस्टिकचेच लागतात.

यंत्रातून निघालेले पाणी आधी ट्रॅपमध्ये येते. तिथे साठलेले पाणी धुराला घराकडे येणारी वाट अडवते. बॉयलर पहिल्यांदा सुरू करण्याआधी ट्रॅप पाण्याने भरणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते राहून गेले तर कार्बन मोनॉक्साइड असू शकणारा धूर निचऱ्याच्या पाइपात आणि तिथून खोलीत शिरू शकतो. या व्यवसायात घाईला जिथे अजिबात थारा नसावा, अशी ही जागा.

निचऱ्याची जागा बॉयलर कुठे टांगायचा हे ठरवतानाच ठरायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ती शेवटच्या तासाला आठवते, आणि मग पाइप जवळच्या भिंतीतून सरळ बाहेर काढला जातो. सर्वांत चांगली सोय म्हणजे घराच्या आतून जाणारा सांडपाण्याचा उभा पाइप. तो नसेल तर स्वयंपाकघरातल्या सिंकचा निचरा. आतल्या भागात २२ मिलिमीटरचा पाइप पुरतो. ढाळ दर मीटरला निदान ४५ मिलिमीटर हवा, आणि तो संपूर्ण लांबीभर हवा. मध्येच पाइप लोंबला की तिथे पाणी तुंबते. ढाळ मिळतच नसेल, उदाहरणार्थ तळघरात, तर छोटा पंप बसवून पाणी वर चढवतात. मात्र पंप बंद पडला तर बॉयलरही थांबेल अशी जोडणी हवी.

पाइप बाहेर न्यावाच लागला तर त्याची लांबी तीन मीटरच्या आत ठेवतात, आकार ३२ मिलिमीटरपर्यंत वाढवतात आणि वरून पाणी न शिरणारे, उन्हाने न फाटणारे वेष्टन चढवतात. गटारात सोडताना पाइपाचे टोक जाळीच्या खाली, पण आतल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहते आणि तिरपे कापलेले असते. सपाट टोकावर थेंब धरून राहतो आणि बर्फाची सुरुवात तिथूनच होते. गटार जवळ नसेल तर शोषखड्डा खणतात. तो घराच्या पायापासून किमान अर्धा मीटर दूर असतो आणि चुनखडीच्या खडीने भरलेला असतो, कारण चुनखडी आम्लाची धार कमी करते.

हे सारे कागदी नियम नाहीत, हे डिसेंबर २०१०च्या थंडीने दाखवले. ब्रिटनमध्ये असंख्य बॉयलर ऐन कडाक्यात बंद पडले. यंत्रे धडधाकट होती. बाहेरचे बारीक, उघडे पाइप गोठले होते. पाणी मागे तुंबले, बॉयलरमधून गुडगुड आवाज आला आणि सुरक्षायंत्रणेने ज्योत विझवली.

गोठलेला पाइप मोकळा करायला गरम, पण न उकळणारे पाणी वापरतात. बर्फ बहुधा कोपरापाशी, टोकाशी किंवा लोंबलेल्या भागात असतो. तिथे ते पाणी ओततात किंवा गरम पाण्याची पिशवी धरतात. सांडलेले पाणी पायवाटेवर गोठू नये म्हणून लगेच पुसून घेतात. मग बॉयलर रीसेट केला की तो बहुतेक वेळा सुरू होतो.