कुंची, गोधडी आणि खानदेशची थंडी

डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पहाटे पारा कधी 10 अंशांच्याही खाली जातो आणि दुपारी चांगलं ऊन तापतं. जळगावातही तेच. म्हणून बाळाला एकच जाड स्वेटर चढवून दिवसभर ठेवू नका. आत मऊ सुती झबलं, वर आणखी एक-दोन पातळ थर. आपल्यापेक्षा साधारण एक थर जास्त. ऊन वाढलं की एकेक उतरवा.

हातपाय गार लागले की घरातले लगेच बाळाला आणखी गुंडाळतात. थांबा. हात लावायचा तो छातीला किंवा मानेमागे. तिथं ऊब असली तर ठीक. घाम असला तर कपडे जास्त झाले.

बाहेर नेताना कुंची उत्तमच, पण झोपवताना ती काढा. गळ्याशी नाडी नको, तोंडावर गोधडी नको. आणि बाजेखालची शेगडी? आजी रुसल्या तरी चालेल, बंद खोलीत ती नकोच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कमी वजनाच्या बाळाला टोपरं घालून आईच्या उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं. ही ‘कांगारू पद्धत’ 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. बाबांनाही ती जमते!

बाळाची छातीच गार लागली, ते मलूल दिसलं, दूध ओढेना, तर असंच छातीशी धरून लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108.