इंजिन खोलणे आणि बांधणे



वसंतातल्या या व्याख्यानांत आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही एक तेलकट विषय आणून बसवीत आहोत. मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स घरी, स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा बांधणे, हा तो विषय. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानांत झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा नसावी. हातांनी जे केले, तेवढेच सांगतो.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची ही गाडी. मूळ घराणे इटलीचे, फियाट ११००. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे होते. शेवटच्या टॅक्सीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात झाली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून कोठे कोठे दिसतात. तशीच एक आम्ही तिघा सोबत्यांनी रविवारी रविवारी खपून उभी केली. एका मोठ्या गॅरेजने तिच्याकडे न पाहताच “भंगारात काढा” असा निकाल दिला होता. निकाल देण्यापूर्वी साक्षीपुरावा तपासावा लागतो, हे आम्हांस कामगार न्यायालयाने शिकविले आहे. म्हणून प्रथम पुरावा पाहिला.

धुराड्यातून निळा धूर येतो, म्हणजे तेल जळते. पण ते पिस्टनच्या रिंगांवाटे वर येते की व्हॉल्व्हवाटे खाली उतरते? प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजावा. दाब चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले. चढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. गिअरबॉक्सचेही तसेच. खालच्या गिअरांत आवाज येतो, पण चौथ्यात नाहीसा होतो, असे असेल तर खालच्या शाफ्टकडे संशय घ्यावा. कारण चौथ्या गिअरात शक्ती सरळ जाते, खालच्या शाफ्टवर भार येत नाही. यंत्र खोटे बोलत नाही. प्रश्न मात्र नेमका विचारावा लागतो.

खोलताना घाई नको. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणीही शिरू नये. भक्कम घोड्या लावाव्यात. प्रत्येक बोल्ट कोठला, ते पुठ्ठ्यावर आकृती काढून तेथेच खोचून ठेवावे. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर क्रमांक पाहावेत. एकीची टोपी दुसरीला बसवावयाची नाही. क्लचची जुनी धूळ फुंकून उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याने फुप्फुसे गमावलेल्या कामगारांची दुःखे आमच्या चळवळीने जवळून पाहिली आहेत. ओल्या फडक्याने पुसावी. काढलेले तेल गटारात ओतू नये.

मग धुणे आणि मोजणे. या इंजिनाचे सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचे, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर. सिलिंडर वर अधिक झिजतो, खाली कमी. शिवाय गोल असलेला लंबगोल होतो. डोळ्याला हे दिसत नाही, मापाला दिसते. झीज प्रमाणाबाहेर असेल तर ब्लॉक बोअरिंगला आणि क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला द्यावा. हे घरी होण्यासारखे नाही. ‘स्वतः करणे’ याचा अर्थ ‘एकट्याने करणे’ असा नव्हे. लेथवरच्या कारागिराने इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब बोटांनी सांभाळलेला पाहिला, म्हणजे मजुरी कशाची द्यावयाची ते कळते.

बांधताना नियम थोडे, पण कडक. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. बेअरिंगला तेल लावल्याविना शाफ्ट बसवू नये. टायमिंगच्या खुणा जुळवून दोनदा फिरवून पाहावे. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, मापाच्या पान्याने आवळावेत. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा झिजलेल्या असतील तर बदलाव्यात. जुन्या घातल्या तर गिअर करकरत राहतील आणि सगळे पुन्हा उतरवावे लागेल. शेवटी इग्निशन न देता, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवून तेलाचा दाब येऊ द्यावा, मगच चालू करावे. पहिले काही शे किलोमीटर तिला दमवू नये.

आता आपण विचाराल, युनियनवाल्याने हे का सांगावे? घरोघरी लोक इंजिने बांधू लागले तर मेस्त्रीच्या पोटावर पाय येणार नाही काय? आमचा अनुभव उलट आहे. ज्याने एकदा आपल्या हातांनी गिअरबॉक्स उतरविला, तो पुन्हा मेस्त्रीशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करीत नाही. हे काम कोणालाही येते, असे समाज ज्या कामाविषयी मानतो, त्याची मजुरी नेहमीच तुटपुंजी राहते. गॅरेजात गाडीखाली पडलेल्या पोराला आपण ‘छोटू’ म्हणून हाक मारतो, त्याचे नाव विचारीत नाही. चौदा वर्षांखालील मुलास अशा कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. तरी त्या हाकेची सवय गेली नाही. त्याच्या हातातली विद्या ही विद्याच आहे, हे आपण मानले तरच तिला दाखला मिळेल, दाम मिळेल.

दुसरी गोष्ट याहून मोठी. नव्या गाड्यांत संगणक बसले. ते वाईट नाही. धूर कमी झाला, पेट्रोल वाचले. परंतु बिघाड कोणता, हे सांगणारी किल्ली पुष्कळदा कारखानदाराच्याच हाती राहते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०१२ साली मतदान करून मोटार दुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र गॅरेजांना मिळावी, असा कायदा करविला. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, मोटारीही तिच्या विषयांत आहेत. गल्लीतला मेस्त्री आणि गाडीचा मालक यांचे हित येथे एकच आहे. माहिती कुलपात गेली तर एकाचा धंदा जातो आणि दुसऱ्याचा खिसा.

सर्वांनी इंजिन बांधावे, असा आमचा आग्रह नाही. ज्याला जमेल त्याने शिलाईयंत्र खोलावे, पंखा खोलावे, पाण्याचा पंप खोलावा. पण वस्तू विकत घेताना एवढे अवश्य विचारावे: ही बिघडली तर उघडता येईल काय, सुटा भाग मिळेल काय, आणि ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास पोट भरून जगतो आहे काय? हे तीन प्रश्न दुकानदाराला अडचणीचे वाटतील. वाटू द्यावेत. अडचणीचे प्रश्न नेटाने विचारीत राहणे, हाच आमचा आजवरचा धंदा आहे, आणि त्यात आपण सामील व्हावे, ही विनंती.