आशा आणि मोजपट्टी



'अपेक्षा कमी ठेवा, म्हणजे सुखी व्हाल', हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य किती, हे आज तपासून पाहू.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील विजेत्यांचे चेहरे मेडवेक, मेडी व गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून पारखून घेतले. निकालाच्या क्षणी रौप्यपदक मिळविणाऱ्यांच्या आनंदाला दहापैकी सरासरी ४.८ गुण पडले. कांस्यपदकवाल्यांच्या आनंदाला ७.१! १९९५ साली हे प्रसिद्ध झाले. त्यांचा तर्क असा, की दुसरा आलेला हुकलेल्या सुवर्णाकडे पाहतो. तिसरा मात्र पदक हाती लागले म्हणून हरखतो. तेव्हा सुख नुसत्या पदकात नसते, मोजपट्टीतही असते.

मग आशाच सोडावी काय? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. निराशावाद्याने तेथेच लंगोट खुंटीला टांगला असता. खाशाबांनी लोकांकडून पैसा उभा केला, १९५२ साली हेलसिंकी गाठले आणि कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

म्हणून आशा आणि अपेक्षा यांची आपण गल्लत करू नये. आखाड्यात उतरताना आशा हवी. तीच हातपाय हलविते. निकालानंतर मात्र काय हुकले यापेक्षा, आपण कोठून निघालो होतो, हे मोजावे. निराशावादी दुःख टाळण्यासाठी आखाडाच टाळतो, आणि त्याबरोबर कांस्यालाही मुकतो.